प्रत्येक जवानाने तोच खटला पुन्हा का लढायचा?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एखाद्या माजी सैनिकाला सशस्त्र दल न्यायाधिकरणाने विकलांगता निवृत्तिवेतन मंजूर केल्याची बातमी आपल्या दैनिकात अधूनमधून येते आणि तिच्या मथळ्यात बहुधा ‘अखेर न्याय’ हे शब्द असतात. त्यातल्या ‘अखेर’मागे किती वर्षे आणि किती हेलपाटे असतात, हे वाचकांसमोर यावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी सैन्यात हवालदार क्लर्क होतो. निवृत्तीनंतर गेली १२ वर्षे खटाव-माण भागातल्या माजी सैनिकांचे अर्ज, अपिले आणि स्मरणपत्रे लिहून देतो. मी वकील नाही. पण एकाच नमुन्याचे नकारपत्र शंभर वेळा वाचले की त्यातले काय नेमके चुकते आहे, हे वकील नसलेल्यालाही कळू लागते.

प्रथम नियम थोडक्यात सांगतो. जवानाला सेवेत असताना दुखापत किंवा आजार झाला, तो सेवेमुळे उद्भवलेला किंवा सेवेमुळे बळावलेला ठरला आणि त्याचे प्रमाण २० टक्के किंवा त्याहून अधिक भरले, तर त्याला निवृत्तिवेतनाबरोबर विकलांगतेचा हिस्सा मिळतो. १०० टक्के विकलांगतेसाठी हा हिस्सा शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असतो आणि त्या प्रमाणात तो खाली येतो. शिवाय ५० टक्क्यांपेक्षा कमी विकलांगता ५० धरायची, ५० ते ७५ असेल तर ७५ धरायची आणि त्यापुढची १०० धरायची, अशीही तरतूद आहे. सैन्यात तिला ‘ब्रॉड बँडिंग’ म्हणतात. म्हणजे शेवटचे वेतन ४०,००० रुपये असलेल्या आणि ३० टक्के विकलांगता ठरलेल्या जवानाला महिन्याला ६,००० रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता मिळतो. ज्या भांडणासाठी दिल्लीपर्यंत वकील उभे राहतात, त्या भांडणाचा आकार सर्वसाधारणपणे एवढाच असतो.

आता ‘सेवेमुळे’ हे ठरवणार कोण? तर निवृत्तीच्या वेळी बसणारे मेडिकल बोर्ड. त्या बोर्डाच्या छापील फॉर्मवर प्रत्येक आजारापुढे तो सेवेमुळे उद्भवला की नाही आणि सेवेमुळे बळावला की नाही, हे लिहावे लागते. दोन्हींपुढे ‘नाही’ आले की त्याला सैन्याच्या इंग्रजीत चार आद्याक्षरांचे एक रूप आहे, त्याचा उच्चार ‘नाना’ होतो. आमच्याकडे नाना म्हणजे घरातला वडीलधारा माणूस, पोराबाळांच्या हातावर खाऊ ठेवणारा. फाइलवरचा हा नाना मात्र हातातले काढून घेणारा आहे.

या ‘नाही’ला आधार काय, हा खरा प्रश्न आहे. भरतीच्या मैदानावर जे उभे राहिले आहेत त्यांना आठवत असेल की तिथे तळपाय सपाट आहे का, गुडघे एकमेकांना लागतात का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, छाती पाच सेंटिमीटर फुगते का, हे सारे पाहिले जाते. कानात मळ सापडला म्हणूनही पोराला परत पाठवतात. अशा चाळणीतून निघालेल्या मुलाला वयाच्या चाळिशीत रक्तदाब, मधुमेह, फेफरे किंवा मनाचा आजार जडला, तर तो त्याच्या जन्मापासूनच त्याच्या रक्तात होता असे म्हणण्यासाठी बोर्डाने काही कारण तरी द्यायला नको का? सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धर्मवीर सिंग खटल्यात नेमके हेच सांगितले. भरतीच्या वेळी कागदावर कोणत्याही आजाराची नोंद नसेल, तर जवान त्या वेळी निरोगी होता असे मानले पाहिजे. आजार सेवेमुळे झालेला नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची आहे, जवानाची नाही. शंका उरली तर तिचा फायदा जवानाला द्यायचा. आणि भरतीच्या वेळी आजार का कळू शकला नाही, याची कारणे मेडिकल बोर्डाने लिहिली पाहिजेत. हा निकाल १९८२ च्या नियमांवर दिलेला होता. पुढे २००८ चे नियम आले, त्यात केवळ सेवेत असताना आजार दिसला म्हणून तो सेवेमुळे झाला असे होत नाही, अशी भाषा आली आणि तिचा आधार घेऊन पुन्हा जुने नकार सुरू राहिले. परंतु कारणे द्यायची नाहीत, असे त्याही नियमांत कुठे म्हटलेले नाही.

माझ्या शेजारच्या गावातल्या, ‘नायक’ या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या एका जवानाची हकीकत सांगतो. त्याचे नाव आणि पलटण सांगत नाही. त्याचे प्रकरण अजून चालू आहे. तो १९९४ मध्ये भरती झाला. काश्मीर खोऱ्यात दोन वेळा, ईशान्येला एकदा आणि उंचावरच्या बर्फाळ चौकीवर एकदा अशी त्याची सेवा झाली. शेवटची दोन वर्षे त्याला शांत ठाण्यावर, म्हणजे ‘पीस स्टेशन’ला, पोस्टिंग मिळाले आणि तिथल्या नेहमीच्या तपासणीत त्याचा रक्तदाब वाढलेला सापडला. २०१६ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा बोर्डाने विकलांगता ३० टक्के आणि आयुष्यभरासाठी अशी नोंद केली, आणि पुढच्या रकान्यात लिहिले की आजार शांत ठाण्यावर सुरू झाला, सबब सेवेशी संबंध नाही. बस्स. वीस वर्षांची चढउतार, झोप, जेवण आणि सुट्टी नाकारल्याच्या तारा एका बाजूला, आणि आजार सापडला त्या दिवशी तो कोणत्या गावात होता हे दुसऱ्या बाजूला. वजन दुसऱ्या बाजूचे जास्त भरले. उद्या एखाद्या शेतकऱ्याचा गुडघा दसऱ्याच्या दिवशी दुखायला लागला, तर तो नांगराने नव्हे, सोने लुटल्याने दुखतो आहे असे म्हणण्यासारखे हे आहे.

हृदयविकाराच्या बाबतीत तर याहून विलक्षण प्रकार आहे. तिथे झटका येण्यापूर्वीच्या १४ दिवसांत जवानाने काय काम केले त्याचा तक्ता मागवतात आणि त्यावरून सेवेचा संबंध ठरवतात. या १४ दिवसांत तो रजेवर असेल तर त्याचे नशीब खोटे. आजाराच्या कारणांची तपासणी करू नये असे माझे म्हणणे नाही. पण धमनी चौदा दिवसांत भरत नाही, हे समजण्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही.

नायकाच्या गोष्टीकडे परत येतो. बोर्डानंतर प्रस्ताव रेकॉर्ड ऑफिसातून पुढे गेला आणि नामंजुरीचे पत्र आले. सैन्याच्या पेन्शनचे मुख्य कार्यालय अलाहाबादला, म्हणून जुने लोक अजूनही ‘अलाहाबादहून आले’ असेच म्हणतात, मग पत्र कोणत्याही कार्यालयातून निघालेले असो. सहा महिन्यांच्या आत पहिले अपील करायचे होते, ते केले, नामंजूर. दुसरे अपील केले, नामंजूर. या दोन्ही अपिलांच्या उत्तरांत बोर्डाचेच वाक्य पुन्हा टंकलेले होते. अपील म्हणजे आधीच्या निर्णयाकडे नव्या डोळ्यांनी पाहणे, अशी माझी समजूत होती. इथे ते मूळ कागदाची झेरॉक्स काढण्याचे काम झाले. दुसऱ्या नकारानंतर नायक दोन वर्षे गप्प बसला, कारण त्याला वाटले की सरकारने दोनदा पाहून सांगितले म्हणजे खरेच असेल. मग कुठल्याशा लग्नात त्याच्याच तुकडीतला एक जण भेटला. तोच आजार, तेच ३० टक्के, तेच शांत ठाणे, आणि त्याला न्यायाधिकरणातून पेन्शन सुरू झालेली. तेव्हा कुठे २०२१ मध्ये याने मुंबई गाठली.

सशस्त्र दल न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याने आले आणि ऑगस्ट २००९ मध्ये सुरू झाले. मुंबईतल्या पीठाकडे महाराष्ट्राबरोबर गोवा आणि गुजरातही आहे. एक न्यायिक सदस्य आणि एक निवृत्त लष्करी अधिकारी असे दोघे मिळून निकाल देतात, ही रचना मला चांगली वाटते. चौकी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. तिथे जवानाचे म्हणणे नीट ऐकले जाते, हे मी अनुभवाने सांगतो. परंतु सदस्यांच्या जागा वेळेवर न भरल्याने देशातली अनेक पीठे महिनोन्महिने ठप्प राहिलेली आपण पाहिली आहेत. तारीख पडायची तर पीठ बसावे लागते. आणि निकाल बाजूने लागल्यावरही ठरलेल्या मुदतीत रक्कम आली नाही, तर अंमलबजावणीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. नायकाला २०२४ मध्ये अनुकूल निकाल मिळाला. त्यानंतर सरकारने त्याला आव्हान दिले.

इथे माझ्या तक्रारीचे मूळ आहे. कायदा काय आहे, हे कळत नसेल म्हणून सरकार वरच्या न्यायालयात जात असेल तर ते समजू शकते. न्यायाधिकरणाच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयात जायचे तर सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा मुद्दा असावा लागतो, अशी अटही कायद्यात आहे. पण जो मुद्दा सुटलेला आहे तोच पुन्हा पुन्हा विचारला जातो. ब्रॉड बँडिंगचा लाभ फक्त आजारामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना, की पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने संपला. सरकारची अनेक अपिले एकत्र फेटाळली गेली. तरीही त्यानंतर किती जणांना तोच लाभ अर्ज करून, नकार घेऊन, न्यायाधिकरणातून मिळवावा लागला, हे माझ्या कपाटातल्या फायलींवरून मी सांगू शकतो. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाच्या निकालांवर उच्च न्यायालयात रिट दाखल करता येईल असे स्पष्ट केले. गरीब जवानासाठी तो दिलासाच होता, कारण दिल्लीचा खर्च त्याला झेपणारा नव्हता. पण त्याच दारातून सरकारही आत आले. जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विकलांगता निवृत्तिवेतनाविरुद्धच्या सरकारच्या सुमारे ३०० याचिका एकदम फेटाळल्या. बातमी म्हणून ती आनंदाची. परंतु त्या ३०० घरांत याचिका फेटाळली जाईपर्यंत काय चालले असेल, याचाही विचार व्हावा. त्याच न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये मधुमेहाच्या एका प्रकरणात, आजार शांत ठाण्यावर सुरू झाला एवढेच कारण पुरेसे नाही, असेही म्हटले होते. माझ्या नायकाच्या फाइलवर नेमके तेवढेच कारण आहे.

हे कोणाच्या ध्यानात आलेच नाही, असेही नाही. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी २०१५ मध्ये खात्यातले खटले कमी कसे करावेत यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. त्या समितीत निवृत्त सेनाधिकारी होते, कारगिलमध्ये पाय गमावलेला अधिकारी होता आणि सैनिकांचे खटले चालवणारा वकीलही होता. समितीने त्याच वर्षी अहवाल दिला आणि विकलांग जवानांविरुद्धची अपिले मागे घ्यावीत, असे त्यात स्पष्ट म्हटले. आपल्याच मंत्र्याने नेमलेल्या समितीचे म्हणणे खात्याने पुरते मनावर घेतले असते, तर दहा वर्षांनी ३०० याचिका फेटाळण्याची वेळ आली नसती.

अमेरिकेतल्या एका तरतुदीचा इथे उल्लेख करावासा वाटतो. तिथे माजी सैनिकांच्या अशा दाव्यांवर अपील ऐकण्यासाठी एक मंडळ आहे. त्याचे निकाल दावेदारांची नावे काढून सर्वांना वाचायला खुले असतात, म्हणजे सारख्या आजारावर आधी काय ठरले आहे हे खेड्यातल्या माणसालाही पाहता येते. पुरावा दोन्ही बाजूंनी समान भरला तर शंकेचा फायदा माजी सैनिकाला, हे तिथे न्यायालयाच्या निकालात नव्हे तर थेट कायद्यातच लिहिले आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मंडळाचा निकाल माजी सैनिकाच्या विरोधात गेला तर तो पुढच्या न्यायालयात जाऊ शकतो. त्याच्या बाजूने लागला तर त्याविरुद्ध तिथे जायची खात्याला कायद्यानेच मनाई आहे. तिथेही दावे वर्षानुवर्षे रेंगाळतात, सगळे आलबेल आहे असे नाही. पण एकदा जिंकलेल्या माणसाला आपलेच सरकार पुढच्या कोर्टात खेचणार नाही, एवढी खात्री तरी त्याला असते.

आता दुसऱ्या बाजूविषयी, कारण तीही पूर्ण खोटी नाही. निवृत्तीच्या तोंडावर रक्तदाबाची नोंद करून घेऊन पेन्शन आणि करसवलत पदरात पाडून घेणारे आहेत, ही कुजबुज आम्ही सेवेत असतानाही ऐकत होतो. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीही त्यावर बोट ठेवले असून, विकलांगता निवृत्तिवेतन घेऊन निवृत्त होणाऱ्यांचे प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांत दुपटीहून अधिक असल्याचे त्यांच्या अहवालात दिसते. डोंगर चढणारा जवान अधिक निरोगी आणि कार्यालयात बसणारा अधिक विकलांग, हे चित्र मलाही विचित्र वाटते. गैरफायदा घेणाऱ्याला जरूर पकडावे. मात्र उपाय म्हणून २१ सप्टेंबर २०२३ पासून जे नवे नियम लागू झाले, त्यांत सेवा पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांसाठी याच लाभाला वेगळे नाव देण्यात आले आणि आजारांच्या कसोट्या नव्याने लिहिल्या गेल्या. फसवणूक करणाऱ्याला कोणती कसोटी कशी पार करायची हे ठाऊक असते, त्याला सल्ला द्यायला माणसे असतात. कसोटीत अडकतो तो दहावी-बारावी शिकलेला शिपाई, ज्याला बोर्डासमोर ‘काही तक्रार आहे का’ असे विचारले तर तो सवयीने सावधान होऊन ‘नाही साहेब’ म्हणतो. आता अग्निवीरांनाही हाच प्रश्न भेडसावणार आहे. त्यांना मासिक पेन्शन नाही. विकलांगतेच्या प्रमाणानुसार ४४, २५ किंवा १५ लाख रुपये एकरकमी आहेत, आणि तेही विकलांगता सेवेमुळे आहे असे बोर्डाने म्हटले तरच. ‘नाही’ लिहिणारे पेन तेच राहणार.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, कारण तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. उशिरा दाद मागणाऱ्याला थकबाकी अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच द्यायची, असा दंडक २००८ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालापासून पडला आहे. तत्त्व म्हणून ते ठीक असेल. वीस वर्षे झोपलेल्याला वीस वर्षांचे व्याज द्यावे असे कोणी म्हणणार नाही. पण माझ्या नायकाने २०१६ पासून तीन वर्षे अपिलांत घालवली आणि दोन वर्षे सरकारच्या उत्तरावर विश्वास ठेवून घालवली. त्याची २०१६ ते २०१८ ची थकबाकी गेली. महिन्याला ६,००० रुपयांच्या हिशेबाने ते १,४४,००० रुपये होतात, महागाई भत्ता वेगळा. नकार चुकीचा होता हे न्यायाधिकरणाने ठरवले. चुकीचा नकार देणाऱ्याचा फायदा झाला आणि तो खरा मानणाऱ्याचे नुकसान. विलंबाचे कारण सरकारचेच पत्र असेल, तर हा तीन वर्षांचा नियम लावू नये, अशी सूचना करण्याला कायद्याचा मोठा अभ्यास लागतो असे मला वाटत नाही.

म्हणून माझी मागणी नव्या योजनेची नाही की वाढीव रकमेची नाही. मेडिकल बोर्डाने ‘नाही’ लिहिताना त्याखाली जवानाची संपूर्ण सेवा पाहून दिलेली कारणे लिहावीत. कारणे नसलेले बोर्ड पहिल्या अपिलातच परत पाठवावे. ज्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे तो तशाच स्थितीतल्या सर्व जवानांना रेकॉर्ड ऑफिसांनी आपणहून लागू करावा, अर्जाची वाट पाहू नये. सगळी पेन्शन आता संरक्षण खात्याच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर आलेली असल्याने कोणाला किती टक्के लिहिले होते आणि काय नाकारले होते, हे शोधणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. आणि न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध याचिका दाखल करण्याआधी, यात खरोखर नवा मुद्दा कोणता आहे, हे लेखी नोंदवून त्याखाली जबाबदार अधिकाऱ्याने सही करावी. आपल्या जिल्ह्यातील लोकप्रतिनिधी सैनिकांच्या मेळाव्यांना आवर्जून येतात, फेटा बांधून घेतात. त्यांनी सभागृहात एवढेच विचारावे की गेल्या पाच वर्षांत अशा याचिकांवर वकिलांच्या फीपोटी किती खर्च झाला आणि त्यातल्या किती याचिका सरकारने जिंकल्या.

हे पत्र वाचणाऱ्या माजी सैनिकांसाठी शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. निवृत्तीच्या वेळी काही टक्के लिहून ‘सेवेशी संबंध नाही’ असा शेरा मिळाला असेल, तर आधी आपल्या मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत हातात घ्या. ती मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे शुल्क भरून मागवा आणि शेऱ्याखाली कारण लिहिले आहे का ते पाहा. पेन्शन दर महिन्याची असल्याने, जुने प्रकरण आहे म्हणून दार कायमचे बंद झाले असे समजू नका, पण प्रत्येक वाया गेलेल्या वर्षाबरोबर थकबाकीचे एक वर्ष मागून गळते, हे लक्षात ठेवा. नायकाच्या प्रकरणाची पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. त्या दिवशी पहाटेच्या एसटीने मी त्याच्याबरोबर मुंबईला जाणार आहे.

आपला नम्र,
एक माजी हवालदार क्लर्क
ता. खटाव, जि. सातारा